नजरचुकीने

वेलांटीकाकांनी पाण्याचा पिंप गुडघ्याने जरा बाजूला सारला आणि सूचना फलकाला नाक लागेल इतकं जवळ जाऊन वाचायला सुरुवात केली. नोंदणी कार्यालयाचा तो बोळ भर दुपारीही अंधाराच होता. फलकावर कागदांची दाटी झाली होती, एकेका टाचणीला तीन-तीन लग्नं टांगलेली होती. फलक इतका आडबाजूला आहे हे पाहून त्यांना आत शिरल्या शिरल्या हायसं वाटलं होतं. घरी 'केस कापून येतो' असं सांगून, दोन बस बदलून ते आले होते ते एवढंच पाहायला की आपल्या गल्लीतलं कोणी कामानिमित्त इकडे आलं, तर त्याला लेकीच्या लग्नाची नोटीस दिसेल का.

दिसली नसती. पिंप सरकवल्याशिवाय तर मुळीच नाही. तेवढं पाहून ते माघारी फिरले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण टाइप केलेला कागद समोर असताना तो न वाचता निघून जाणं या माणसाला जन्मात जमलेलं नव्हतं.

अडतीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. 'वेलांटी' हे नाव तिथलंच. आधी लोक पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि निरोपाच्या भाषणात खुद्द मालकांनी तेच वापरलं. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. दवाखान्यातल्या वेळा, लिफ्टमधली सूचना, बसमधली जाहिरात, जे दिसेल त्यावर त्यांचं लाल पेन चालायचं, आणि प्रत्येक दुरुस्तीपाशी आद्याक्षरं आणि तारीख. सही नसलेली दुरुस्ती कोणी मानायची नाही, हा छापखान्याचा नियम होता. एकदा तर पोलीस चौकीच्या दारावरचा कागद ते सुधारत असताना बायकोने त्यांना दंडाला धरून ओढत रस्त्यापलीकडे नेलं होतं.

नोटिशीच्या पहिल्याच ओळीत 'नोंदणि' होतं. त्यांनी पेन काढलं. 'नीयोजित' होतं, 'रहीवासी' होतं. टाइप करणाऱ्याने ऱ्हस्वदीर्घाशी उभा दावा मांडलेला दिसत होता. वेलांटीकाकांचा हात सैल झाला, त्यांना अगदी बरं वाटू लागलं. आपण कशाला आलो होतो तेही घटकाभर विसरायला झालं.

मग नावं आली. दीड वर्षापूर्वी कायदा बदलला होता आणि दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना आपसात लग्न करता येऊ लागलं होतं. पण कायदा बदलला म्हणून जुने फॉर्म कोणी रद्दीत घालत नाही. फॉर्मवर एका रकान्यात 'वर' छापलेलं होतं, दुसऱ्यात 'वधू'. कारकुनाने 'वर' खोडून त्याच्या डोक्यावर 'वधू' टाइप केलं होतं. म्हणजे वधू, आणि पुढे लेकीचं नाव. खाली पुन्हा वधू, आणि पुढे त्या दुसरीचं नाव.

एकच शब्द दोनदा पडला की दुसरा उडवायचा. हे तर शिकाऊ माणसालाही पहिल्या आठवड्यात सांगतात. पेन खाली आलं आणि कागदापासून बोटभर अंतरावर थांबलं. वेलांटीकाकांनी मान वळवून बोळात मागे पाहिलं. कोणी नव्हतं. मग त्यांनी दुसऱ्या 'वधू'वर आडवी रेघ मारली, समासात शब्द उडवण्याची खूण काढली, आणि तिच्याखाली आद्याक्षरं आणि तारीख टाकली. अडतीस वर्षांत दुरुस्ती करताना त्यांनी कधी मागे वळून पाहिलं नव्हतं.

तळाशी एक ओळ उरली होती. या विवाहास कोणाची हरकत असल्यास ती तीस दिवसांच्या आत लेखी व 'सहिनीशी' नोंदवावी. त्यांनी दोन्ही वेलांट्या जागच्या जागी आणून 'सहीनिशी' केलं. मुद्रित तपासताना अक्षरं वाचायची, मजकूर वाचत बसायचं नाही, असं ते स्वतःच नव्या पोरांना शिकवत. त्यांनी पेन खिशाला लावलं, पिंप होता तिथे ढकलला आणि घराकडे निघाले. वाटेत त्यांनी केसही कापून घेतले. परवाच तर येऊन गेलात, असं न्हावी म्हणाला. तरीही कापून घेतले.

*

लेक चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायचं काम करी. गेली नऊ वर्षं ती जिच्याबरोबर राहत होती, ती वेधशाळेत होती. पाऊस, वारा, आर्द्रता यांच्या नोंदी ठेवणं हे तिचं काम, म्हणून घरात तिचं नाव पडलं 'हवामान'. नाव ठेवलं वेलांटीकाकांच्या बायकोनेच. सुरुवातीला ते टोमणा म्हणून ठेवलेलं होतं. पण मग बायकोच रोज सकाळी तिला फोन करून 'आज गाद्या उन्हात टाकू का गं?' असं विचारायला लागली, आणि टोमण्यातला काटा कधी गळून पडला ते तिचं तिलाही कळलं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा खोचकपणे विचारलं होतं, "ही तुमची नक्की कोण हो?" त्यावर तिने सांगितलं, "जावई म्हणा, सून म्हणा. पाऊस मात्र अचूक सांगते."

वेलांटीकाकांना असं जमत नसे. ते म्हणत, मुलीबरोबर भाड्याने राहते. कधी म्हणत, मुलीची मैत्रीण. लेकीचं कुठे जमतंय का, असं कोणी विचारलं की म्हणत, तिला कामातून वेळ कुठे. भांडण म्हणून काही नव्हतं. हवामान घरी आली की ते खुर्ची देत, चहा घेतेस का विचारत. पण दोघींबरोबर रस्त्याने चालायची वेळ आली की ते दोन पावलं पुढे चालत. त्यांना लेकीची लाज वाटत असे. हे त्यांनी कोणालाही सांगितलेलं नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती.

लग्नाची तारीख ठरली तेव्हा लेकीने त्यांना साक्षीदार व्हाल का म्हणून विचारलं. त्यांनी उजवा हात पुढे करून दाखवला. "सही करताना थरथरतो गं आता. उगाच तुमचा कागद बाद व्हायचा. दुसरं कोणी बघ."

लेकीने हाताकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली.

फलकाजवळून आल्यावर चौथ्या दिवशी संध्याकाळी दोघी घरी आल्या. लेकीने चपलाही काढल्या नाहीत. "आई, कुणीतरी हरकत घेतलीय," ती दारातूनच म्हणाली. "ऑफिसातून फोन होता. उद्या बोलावलंय."

"कुणी मेल्याने?" बायको हातातली परात तशीच धरून बाहेर आली.

"नाव नाही. नुसती आद्याक्षरं आहेत." लेकीने फोन पुढे केला. कारकुनाने नोटिशीचा फोटो पाठवला होता. सगळा कागद लाल खुणांनी भरलेला होता.

बायकोने डोळे बारीक करून पाहिलं आणि परात खाली ठेवून खदखदून हसली. "अगं, हरकत कसली डोंबलाची. हे आपलं घरचंच भूत आहे. अहो, तुम्ही तिथेही जाऊन खरडून आलात?"

तिघी त्यांच्याकडे बघत होत्या. त्या घटकेला खरं बोलायला हवं होतं. पण बायकोने दार उघडून दिलं होतं, आणि बाहेर पडायला दुसरी वाट दिसत नव्हती.

"सहज गेलो होतो," वेलांटीकाका म्हणाले. "म्हटलं बघावं, लागली का नोटीस. चुका दिसल्या. हात गेला सवयीने."

"केस कापायला म्हणून गेलात ते तिकडे?" बायको अजून हसत होती. "कोडगे आहात अगदी."

लेकही हसली. सुटल्यासारखी हसली. हवामान मात्र फोन हातात घेऊन फोटो मोठा करून बघत होती. तिने तो वर सरकवला, खाली सरकवला, एके ठिकाणी थांबवला आणि मग लेकीला परत दिला.

मग तिने शांतपणे सगळं समजावून सांगितलं. तिची बदली झाली होती. दूरच्या एका बेटावर वेधशाळेचं ठाणं होतं, तिथे तीन वर्षं. जहाज सव्वीस तारखेला निघणार होतं. रुजू होताना कागदावर जे कुटुंब असेल तेवढंच बरोबर नेता येतं, नंतर तीन वर्षं त्यात बदल होत नाही. म्हणून नोटिशीचे तीस दिवस संपले की लगेच, एकवीस तारखेला लग्न धरलं होतं. हरकतीची चौकशी लागली तर ती तारीख जाणार होती.

"तीन वर्षं?" बायकोचं हसू मावळलं.

"उद्या बाबा येतील आणि सांगतील की," लेक म्हणाली. "त्यांची सवय आख्ख्या गावाला माहितीय."

जेवताना वेलांटीकाका नुसता भात कालवत राहिले. लेकीने इतक्या विश्वासाने म्हटलेलं ते वाक्य त्यांना पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. आता त्यांना लेकीची लाज वाटत नव्हती, स्वतःची वाटत होती, आणि ही लाज पहिलीपेक्षा कितीतरी जड होती.

*

नोंदणी अधिकारी बाईंच्या टेबलावर ती नोटीस पसरलेली होती. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं, पण नजर वाकडी नव्हती. शेजारी कारकून उभा होता. चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, आणि मनातून चांगलाच दुखावलेला.

"अकरा चुका काढल्यात माझ्या," तो म्हणाला. "सरकारी कागदावर. लाल पेनाने."

"त्या बरोबर आहेत का?" बाईंनी विचारलं.

कारकुनाने घसा साफ केला. "शब्दकोशात पाहिलं मी. आहेत बरोबर."

"मग बसा." बाईंनी चष्मा डोळ्यांना लावला. "काका, अकरा खुणांशी माझं भांडण नाही. प्रश्न या बाराव्या खुणेचा आहे. इथे तुम्ही 'वधू' शब्द उडवलाय. खाली सही आहे, तारीख आहे. नियमात लिहिलंय, लेखी आणि सहीनिशी. तुम्ही अर्ज दिला नाहीत, पण नोटिशीवरच लिहून सही केलीत. आमच्या या साहेबांनी ती नोंदवहीत चढवली, आणि ते नियमाला धरूनच आहे."

लेकीने कागदाकडे पाहिलं. त्या सहीकडे ती जरा जास्तच वेळ पाहत राहिली. अक्षरं ठळक होती, वळणदार होती. कुठेही थरथरलेली नव्हती.

"आता दोनच गोष्टी होऊ शकतात," बाई म्हणाल्या. "एक म्हणजे ही हरकत होती आणि तुम्ही ती आज मागे घेताय. मग मला नोटीस नव्याने लावावी लागेल. पुन्हा तीस दिवस. दुसरं म्हणजे ही हरकत नव्हतीच, हातून चुकून झालं. तसं तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिलंत तर मी नोंद रद्द करते. दिवस मोडत नाहीत. तर काय होतं, ते सांगा."

बसमध्ये वेलांटीकाकांनी वाक्य मनातल्या मनात घोळवून पाठ केलं होतं. रात्रभर छातीवर बसलेलं ते ओझं सगळ्यांसमोर उतरवून टाकायचं, मग काय व्हायचं ते होवो, असं त्यांनी ठरवलं होतं. खरं बोललं की मोकळं वाटेल एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी खुर्चीचे हात धरले.

"खरं सांगायचं तर बाई, मी ती रेघ..."

"काका," हवामान म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता. पण नऊ वर्षांत तिने त्यांचं बोलणं कधी मधेच तोडलं नव्हतं, त्यामुळे ते थांबले.

"खरं आपण घरी बोलू," ती म्हणाली. "इथे अर्ज लिहा."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उन्हाचा पारा वाचावा तसं ती त्यांच्याकडे बघत होती. तिला माहीत होतं. काल संध्याकाळी फोटो मोठा केला तेव्हाच तिला कळलं होतं. अकरा खुणा चुकांवर होत्या आणि एक चूक नसलेल्या जागी होती, हे जन्मभर हवेच्या नोंदी वाचणाऱ्या बाईपासून लपणार कसं? लेक खिडकीबाहेर पार्किंगकडे पाहत होती. तिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

आणि मग वेलांटीकाकांना उमगलं की खरं बोलण्याची चैनही आता आपल्याला परवडायची नाही. आपण मोकळे होणार, आणि जहाज या दोघींतल्या एकीला मागे ठेवून जाणार. ज्याने रेघ मारली त्यालाच पुन्हा हलकं वाटायचं. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

नजरचूक या शब्दाशी त्यांचं जुनं वैर होतं. छापखान्यात कोणी 'नजरचुकीने राहिलं' म्हटलं की ते त्याला फैलावर घेत. नजर चुकत नसते, लक्ष चुकतं, असं सुनावत. आता त्यांनी तोच शब्द लिहायला घेतला. सदर नोटिशीवरील 'वधू' हा शब्द माझ्या हातून नजरचूकीने खोडला गेला असून, माझी या विवाहास कोणतीही हरकत नाही व नव्हती.

'व नव्हती' लिहिताना पेन अडखळलं. बाई टेबलापलीकडून उलटं वाचत होत्या.

"अजून एक वाक्य घाला," त्या म्हणाल्या. "वधू हा शब्द दोन्ही ठिकाणी बरोबर आहे. असं स्पष्ट लिहा. म्हणजे उद्या कोणी विचारायला नको."

त्यांनी लिहिलं. वधू हा शब्द दोन्ही ठिकाणी बरोबर आहे. सबंध अर्जात हे एकच वाक्य त्यांना न अडखळता लिहिता आलं, पण ते त्यांचं नव्हतं.

कारकुनाने अर्ज उचलला आणि उभ्याउभ्याच वाचला. मग तो जरा वाकला. "काका, इथे," तो हळूच म्हणाला. "नजरचुकीने. चु ऱ्हस्व येईल ना? नजरचूक लिहिताना चू दीर्घ, पण नजरचुकीने म्हटलं की ऱ्हस्व. कालच शब्दकोश चाळत होतो म्हणून लक्षात आलं."

 वेलांटीकाकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी अर्ज घेतला, दीर्घ उकार खोडून ऱ्हस्व केला, आणि शेजारी आद्याक्षरं आणि तारीख टाकली. कारकुनाच्या तोंडावर विजयाचा मागमूस नव्हता. उलट आपण उगाच बोललो असं त्याला वाटत असावं. त्याने शिक्का मारताना त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"झालं," बाई म्हणाल्या. "एकवीस तारखेला साडेअकराला या. तीन साक्षीदार आणा."

*

हवामान अर्जाची प्रत काढायला समोरच्या दुकानात गेली. बापलेक कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभे राहिले. ऊन चढलं होतं, आणि पायऱ्यांवर आणखी तीनचार जोडपी आपापल्या कागदांची पाकिटं सांभाळत बसली होती.

 लेकीने पर्समधून रुमाल काढला, त्यांचा चष्मा त्यांच्या नाकावरून उतरवून घेतला, भिंगं पुसली आणि पुन्हा त्यांच्या हातात दिला. दुकानात ती गिऱ्हाइकांचे चष्मे पुसते, तसाच पुसला.

"त्या दिवशी मी..." त्यांनी सुरुवात केली.

"बाबा, आत्ता नको."

"पण ऐक तरी."

"ऐकायचंच नाहीये मला." ती त्यांच्याकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते. "तुम्ही सांगितलंत की मला ते कळलेलं असेल. आत्ता नुसतं वाटतंय. कळलेलं असलं की मला लग्नाच्या दिवशी तुमच्याकडे बघता येणार नाही. आणि मला बघायचंय. सह्या झाल्या की मी तुमच्याकडे बघणार आहे, हे मी आठवीत असल्यापासून ठरवलंय. तेव्हा कुणाबरोबर ते माहीत नव्हतं, एवढंच."

 त्यांनी चष्मा लावला. समोरचं सगळं फार स्वच्छ दिसायला लागलं.

"बरं," ते म्हणाले.

"आणि तिसरा साक्षीदार मिळत नाहीये. तुम्ही या." तिने रुमालाची घडी घातली. "सही चांगली येते तुमची."

ती हे टोचून बोलली की सहज, ते त्यांना कळलं नाही. विचारायचा हक्क आपण घालवून बसलोय, हे मात्र कळलं. हवामान रस्ता ओलांडून येत होती. तिने एक प्रत लेकीकडे दिली आणि एक त्यांच्यासमोर धरली.

"तुमची, काका. जपून ठेवा."

घरी बोलू म्हणालेली ती त्यानंतर तीनदा घरी आली. एकदा बायकोला बेटावरच्या हवेबद्दल सांगत बसली, एकदा रिकाम्या ट्रंका न्यायला आली, एकदा नुसतीच जेवून गेली. प्रत्येक वेळी वेलांटीकाका आता विषय निघेल म्हणून खुर्चीच्या कडेला बसून राहिले. विषय निघाला नाही. त्यांनी आपणहून काढावा, तर लेकीला दिलेला शब्द आड येत होता. ती निघाली की ते दारापर्यंत जात, आणि एकदा जिन्यावरून खाली फाटकापर्यंत, तिच्या बरोबरीने चालत गेले. खालच्या बाई गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं.

*

एकवीस तारखेला साडेअकराच्या ऐवजी सव्वाबाराला नंबर लागला. खोलीत आठ माणसं मावत होती आणि अकरा जण होते. बायकोने नवी साडी नेसली होती आणि हवामानला दोनदा विचारून घेतलं होतं की आज पाऊस नाही ना. दोघींनी आपापली नावं घेऊन बाईंच्या मागोमाग प्रतिज्ञा म्हटली. लेकीचा आवाज स्पष्ट होता, हवामानचा नेहमीपेक्षा हळू. मग दोघींनी सह्या केल्या, आधी एकीने, मग दुसरीने.

"साक्षीदार," बाई म्हणाल्या.

लेकीच्या दुकानातल्या बाईंनी सही केली, वेधशाळेतल्या गृहस्थांनी केली. कारकुनाने नोंदणीचा कागद वेलांटीकाकांपुढे ठेवला. त्यावर 'वर' आणि 'वधू' असे छापील रकाने नव्हते. कारकुनाने दोन्ही रकाने नव्याने आखून दोन्हींवर 'वधू' लिहिलं होतं, अगदी सुबक. वेलांटीकाका वाचू लागले. सही करण्याआधी कागद पुरता वाचायचा हे ठीकच होतं, म्हणून कोणी घाई केली नाही. त्यांनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, दोघींची नावं वाचली. साक्षीदाराचं वधूशी नातं, या रकान्यात लेकीच्या नावासमोर 'वडील' असं कारकुनाने आधीच लिहून ठेवलं होतं. खाली दुसऱ्या नावासमोर जागा मोकळी सोडली होती. त्यांनी तिथेही वडील असं लिहिलं, आणि शेवटी सही केली.

एकही चूक नव्हती. तरी त्यांचं डोकं खालीच राहिलं. ते पुन्हा पहिल्या ओळीवर गेले, शब्द न् शब्द बोटाने लावत. टाळ्या वाजल्या, कोणीतरी फोटो काढला, खुर्च्या सरकल्या. समोर लेक उभी आहे, हे त्यांना मान वर न करताही ठाऊक होतं. त्यांचं बोट तिसऱ्या ओळीवर आलं. पुढे काय लिहिलंय ते त्यांना पाठ झालं होतं.

बायकोने त्यांच्या दंडाला धरलं. आता ती हसत नव्हती. या माणसाबरोबर तिने बेचाळीस वर्षं काढली होती, आणि बिनचुकीच्या कागदात त्याला तीनदा डोकं घालताना तिने याआधी कधीच पाहिलं नव्हतं. तिने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"अहो," ती हलक्या आवाजात म्हणाली, "पुरे झालं वाचन. वर बघा. ती केव्हाची बघतेय."